चौपट परांची

दिवाळसणाला पहिल्यांदा घरी आलेला जावई काय करतो? पाय धुतो, ओवाळून घेतो, थोडा लाजतो आणि सासूनं पुढं केलेल्या खुर्चीवर बसतो. आमच्या जावयानं खुर्चीची पाठ धरली आणि ती गदागदा हलवली.

एकदा नाही. आधी पुढं-मागं, मग डावीकडं-उजवीकडं. मग खाली वाकून तिचे चारी पाय बघितले. घरात माझी नणंद बसलेली, शेजारच्या दोघी फराळाला आलेल्या, आणि सगळ्यांच्या देखत हा माणूस सागवानी खुर्चीची परीक्षा घेतोय. माझ्या यजमानांची खुर्ची ती. ते गेल्यापासून माझ्याशिवाय तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं. जावयाचा मान म्हणून पुढं केली होती.

"काय झालं जावईबापू?" मी विचारलं. "ढेकूण दिसला काय?"

"नाही आई. सवय आहे." असं म्हणून बसला. बसला म्हणजे नुसता कडेला टेकला. पाठ काही लावली नाही.

नणंदेनं माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावला. सहा महिन्यांपूर्वी लग्नातही त्यानं हेच केलं होतं. बोहल्यावर चढायच्या आधी मांडवाचा खांब दोन्ही हातांनी धरून ढकलून बघितला. मांडव आमचा. आम्हा थोरवतांनी घातलेला मांडव कुणी ढकलून बघावा, हे आमच्या भागात तोवर घडलेलं नव्हतं. तेव्हा गप्प बसले, कारण भटजी घाई करत होते.

माझी लेक शैला, एकुलती एक. तिनं हा नवरा स्वतः पसंत केलेला. निरंजन माळवदे नाव. पुण्याकडं कुठल्याशा कंपनीत सेफ्टी ऑफिसर. म्हणजे काय काम करतो म्हणून विचारलं, तर शैला म्हणाली, "कामगारांना टोप्या घालायला लावतो." मी म्हटलं, वा! सरळ माणसं लोकांना टोप्या घालत नाहीत.

आमचा धंदा परांच्यांचा. उंच भिंतीला गिलावा करायचा, रंग द्यायचा, तर माणसं कशावर उभी राहणार? त्यासाठी भिंतीला लागून पाइपांचा आणि फळ्यांचा सांगाडा उभा करतात, ती परांची. यजमानांच्या वेळी बांबू आणि काथ्या होता. ते काविळीनं गेले, आणि लोक म्हणाले, आता सगुणाअक्का बांबू विकून टाकणार. मी लोखंडी पाइप आणले. दुसरीतून शाळा सोडलेली बाई मी, पण देवळाचं शिखर असो की साखर कारखान्याचं गोदाम, परांची थोरवतांचीच.

आणि माझी एक रीत होती. परांची पुरी झाली की आधी मी चढायची. सगळ्यात वरच्या फळीवर मधोमध मांडी घालायची, खालून दोरानं चहाची किटली वर ओढून घ्यायची आणि तिथं बसून चहा प्यायची. तोवर दुसऱ्या कुणी पाय ठेवायचा नाही. अंगानं मी दणदणीत. एकदा अडत्याच्या दुकानात गुळाच्या काट्यावर चढले, तर काटा नव्वदला जाऊन टेकला. माणसं म्हणायची, अक्का बसली, परांची पास.

त्या दिवाळीत कारखान्याचं काम चालू होतं. नवं साखरेचं गोदाम बांधलेलं, त्याच्या कपाळावर उंच कोनाड्यात गणपती बसवलेला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकून हंगाम सुरू व्हायचा होता, आणि त्याआधी चेअरमन आमच्या परांचीवर चढून गणपतीला हार घालणार होते. रंगाऱ्यांचं काम उरकलं होतं, परांची तेवढ्यासाठीच ठेवली होती. सगळा तालुका खाली उभा राहून वर बघणार. त्या दिवशी एक फळी जरी करकरली असती, तरी थोरवतांचं नाव पुसलं गेलं असतं.

हे मी फराळाच्या वेळी मोठ्या अभिमानानं सांगितलं. जावयानं चकली खाली ठेवली.

"आई, मी बघू शकतो का ती परांची?"

"बघायला काय, या की. पण हलवायची नाही."

शैला खुदकन हसली. जावई हसला नाही. तो हसतच नसे.

*

पाडव्याच्या दुपारी आम्ही दोघं कारखान्यावर गेलो. माझा नवा मुकादम रामसूरत पाइपांवर बसून तंबाखू मळत होता. गोरखपूरकडचा माणूस, दसऱ्यानंतर टोळी घेऊन आलेला. त्याला मराठी येत नव्हती आणि मला हिंदी. तो मला माताजी म्हणायचा, मी त्याला मराठीत बोलायची, आणि काम चालायचं. हाताला असा कसबी होता की पाइपाला क्लॅम्प आवळला की तो पाइपाचाच भाग वाटायचा.

जावयानं नव्या सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि पहिला उभा पाइप धरून हलवला. मग दुसरा. मग वर चढला. वरच्या फळीवर मोठी पावलं टाकत चालला, आणि शेवटी कठड्याशी आला. कठडा बांबूचा होता, सुतळीनं आवळून बांधलेला. त्यानं हात लावला. कठडा जरासा डुलला. जरासाच.

"आई," वरूनच म्हणाला, "हा कठडा कसला?"

"बांबूचा. दिसत नाही?"

"कुणी रेललं तर?"

"कठडा धरायला असतो जावईबापू, रेलायला नसतो. रेलायला घरी गादी असते."

"माणूस रेलतोच, आई."

खाली उतरला, तोंड गंभीर. माझ्यासमोर उभा राहून शाळामास्तरासारखा विचारायला लागला. "वर किती जण चढणार?"

"चेअरमन, डायरेक्टर, फोटोवाला. दहाएक."

"मग ही परांची चाळीस माणसांना पेलायला पाहिजे."

"का? वरचे तीस कुठून आणू? तुमच्याकडची माणसं येणार आहेत काय?"

"दहा म्हटलं की वीस चढतात, आई. आणि वीस चढले की त्यातले चार उड्या मारतात. आमच्याकडं नियमच आहे. जेवढं वजन चढेल असं आपण धरतो, त्याच्या चार पट परांचीनं पेललं पाहिजे. आणि कठड्याच्या वरच्या दांडीला बाहेरच्या बाजूला रेटा द्या नाहीतर खाली दाबा, नव्वद किलोपर्यंत ती टिकलीच पाहिजे."

"किती?"

"नव्वद."

मला हसू आवरेना. "अहो, हा नियम करणाऱ्यानं माझं माप कुठून घेतलं?"

रामसूरतला काही कळलं नाही, पण मी हसले म्हणून तोही हसला. जावई मात्र ढिम्म. "थट्टा नाही आई. पाइप वाढवा, तिरपे टेके द्या, भिंतीला जागोजागी बांधून घ्या, कठडा लोखंडी करा. चौपट ताकद पाहिजे. नाहीतर मी चेअरमनना जाऊन सांगेन, चढू नका म्हणून."

माझ्या कानशिलात आग पेटली. माझा जावई, माझा फराळ खाऊन, माझ्या परांचीवर चढू नका म्हणून चेअरमनना सांगणार! दुसरा कुणी असता तर त्याच्या सात पिढ्यांची नावं मी तिथंच वाचली असती. पण जावई. दिवाळसणाचा. त्याच्या कपाळावरचं कुंकूसुद्धा वाळलं नव्हतं. सगळा राग मी रामसूरतवर वळवला.

"रामसूरत! जावईबापूंना ही परांची पसंत नाही. त्यांना चौपट पाहिजे."

रामसूरतचा तंबाखूचा हात थांबला. "चौपट?"

"चौपट."

"पूरा चौपट, माताजी?"

"पूरा! वरपासून खालपर्यंत. उद्या दुपारी मी येते, तेव्हा चौपट झालेली दिसली पाहिजे. काही शिल्लक ठेवू नकोस."

त्यानं एकदा परांचीकडं बघितलं, एकदा जावयाकडं. जावयाकडं कसं, तर खाटकाकडं बघावं तसं. मग गमछ्यानं डोळे पुसले. मला वाटलं, घाम.

*

भाऊबीजेला जेवणं उरकून, टोळीसाठी लाडवांचा डबा घेऊन मी निघाले. जावईही बरोबर. कारखान्याच्या फाटकातून आत आलो आणि माझे पाय थांबले.

भिंत उघडी. परांची नाही. पाइप एका बाजूला लांबीप्रमाणे नीट लावलेले, फळ्या रचलेल्या, क्लॅम्पांचा ढीग. आणि तिकडं उंच कोनाड्यात गणपती एकटाच बसलेला, कुणी शिडी काढून नेल्यासारखा.

"रामसूरत!" माझी हाक गव्हाणीपर्यंत गेली असेल. "अरे मुडद्या, परांची कुठंय?"

तो आला. डोळे सुजलेले. "आपही ने तो कहा माताजी. चौपट करो, पूरा चौपट. कुछ बाकी मत रखो."

"चौपट म्हणजे चार पट, गाढवा! चार!" मी चार बोटं त्याच्या नाकासमोर नाचवली.

"हमारे यहाँ चौपट माने सत्यानाश," तो म्हणाला. "हम तो रात भर सोचे, दामादजी को ऐसा क्या बुरा लगा."

माझ्या मागून एक विचित्र आवाज आला. वळून बघते तर जावई. पोट धरून हसत होता. हा माणूस हसताना मी पहिल्यांदा बघितला, आणि तोही अशा वेळी! उद्या सकाळी चेअरमन हार घेऊन उभे राहणार, सगळा तालुका जमणार, आणि माझ्याकडं दाखवायला पाइपांचा ढीग.

शब्द माझा बरोबरच होता. मराठीत चौपट म्हणजे चौपट. ते मी त्या दिवशीही म्हटलं आणि अजून म्हणते. पण त्या वेळी बोलून काय उपयोग! मी समोरचा एक पाइप उचलला आणि रागानं जमिनीवर आपटला.

आवाज ठण् असा यायला पाहिजे होता. तो आला ढब्ब. आणि पाइप हातभर खाली गेला.

मी पाइप ओढून काढला, तसा त्या भोकातून मळीचा आंबूस वास वर आला. जावई गुडघ्यांवर बसला. दोन्ही हातांनी मुरूम बाजूला सारायला लागला. खाली शहाबादी फरशी, तडकलेली. तिच्याखाली पोकळ. मळी वाहून न्यायचा जुना नाला, कधी काळी फरशा टाकून झाकलेला आणि वर मुरूम पसरलेला. कारखान्यात कुणाला आठवतही नसेल.

रामसूरतनं जमिनीवर बोट दाखवलं. परांचीच्या बाहेरच्या रांगेच्या पायांच्या खुणा अजून दिसत होत्या. चौकोनी ठसे, एकामागं एक, सरळ रेषेत. बरोबर त्या नाल्यावरून.

मी जावयाकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. दोघांच्याही डोक्यात एकच गोष्ट आली असावी. पाइप वाढवून वर चौपट केलं असतं, तर त्याच वजनानं खाली चौपट झालं असतं. वर माझं, खाली रामसूरतचं. आणि मधे चेअरमन.

"मी वरचंच बघत बसलो," जावई म्हणाला.

"घरी खुर्चीचे पाय वाकून बघता. इथं वाकला नाहीत."

"नाही वाकलो," तो म्हणाला. सबब नाही, काही नाही. मग उठला आणि नवा सदरा काढून पाइपांच्या ढिगावर टाकला. मी घेतलेला, दिवाळसणाचा रेशमी सदरा. "आई, अंधार पडायच्या आत उभी करायची. सांगा, कुठून सुरू करायचं?"

मला कुणी आजवर असं विचारलं नव्हतं. एक तर सगळे मला घाबरायचे, नाहीतर मला शिकवायला यायचे.

"नाल्याच्या अल्याड-पल्याड," मी म्हटलं. "गोदामामागं रेल्वेच्या रुळांखालचे जुने लाकडी सलीपाट पडलेत, ते आणा. नाल्यावर आडवे टाका, दोन्ही टोकं घट्ट जमिनीवर येऊ देत. परांचीचे पाय सलीपाटांच्या टोकांवर, नाल्यावर एकही नाही ठेवायचा. फरशीवर वजन नकोच."

"सलीपाट किती भार घेतील?"

"त्यांच्यावरून आगगाड्या गेल्यात, जावईबापू. तुमच्या चेअरमनला घाबरणार नाहीत."

मग जे सुरू झालं, ते आठवलं की आजही माझ्या हाताला मुंग्या येतात. टोळीतल्या माणसांनी सलीपाट खांद्यावर आणले. जावई बनियनवर, कमरेला दोर, रामसूरत त्याच्या वर आणि मी खाली पदर खोचून ओरडत. उभा द्या! आडवा द्या! तिरपा कुठाय, तिरपा? जावई प्रत्येक उभ्या पाइपाखाली वाकून बघायचा, मगच वरचा पुढचा लावू द्यायचा. दर थोड्या उंचीवर भिंतीला पक्कं बांधायचं, म्हणजे सगळा सांगाडा बाहेर झुकणार नाही. हे त्याचं. दोन पाइप जोडायचे तर सगळे जोड एका ओळीत येऊ द्यायचे नाहीत, कमकुवत जागा एका ठिकाणी गोळा होते. हे माझं. तो म्हणाला, "हे तर आमच्या पुस्तकात आहे!" मी म्हटलं, "मग पुस्तक लिहिणाऱ्यानं आमच्या यजमानांकडून घेतलं असेल."

रामसूरत वरून ओरडायचा, "माताजी, ये चौपट हमारा वाला कि आपका वाला?"

"माझंच! तुझं पुन्हा ऐकलं तर तुलाच चौपट करीन!"

टोळी हसायची, जावईही हसायचा. कारखान्याच्या कॉलनीतून बायका-पोरं बघायला आली. कुणी पाणी आणलं, कुणी करंज्या. आमचे लाडू तर कधीच संपले. जत्रा भरल्यासारखं झालं.

उन्हं उतरली तेव्हा शेवटचा क्लॅम्प आवळला. कठडा आता लोखंडी होता, कमरेच्या वर येणारा. मधे आणखी एक दांडी आणि खाली पायाशी फळी. मी चढले. माझी रीत मोडणार कशी? वरच्या फळीवर मधोमध मांडी घातली. जावई जवळच उभा होता, भिंतीला पाठ लावून. दमलेला, पण डोळे चमकत होते.

तेवढ्यात खालून हाक आली. "अहो!"

शैला होती. घरून किटली आणि जेवणाचा डबा घेऊन आलेली. मान वर करून, डबा उंच धरून हसत होती. "अहो, वाकून बघा तरी! डबा आणलाय!"

जावई हाकेसरशी दोन पावलं पुढं गेला. आणि कठड्यापासून हातभर अलीकडं थांबला. खुंटीला बांधल्यासारखा.

"शैला, बाजूला हो!" त्याचा आवाज चिरकला. "तिथं उभी राहू नको! भिंतीकडं सरक!"

शैला गोंधळून भिंतीकडं सरकली. जावयाच्या कपाळावर घाम फुटला होता.

"काय हो?" मी विचारलं. "आता काय झालं?"

मग बोलला ते माझ्याकडं न बघता. "माझे वडील सूतगिरणीत होते, आई. शाळा सुटली की मी डबा घेऊन जायचो. खालून हाक मारली की ते वरच्या सज्ज्यातून वाकून बघायचे. कठड्यावर रेलून, हसत. रोज."

मी त्या लोखंडी दांडीकडं बघितलं.

"एक दिवस कठडा त्यांच्याबरोबर खाली आला. कुणीतरी नुसत्या दोन खिळ्यांवर ठोकलेला होता." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "डबा माझ्या हातातच होता."

शैलानं हे मला सांगितलं नव्हतं. तिलाही ते नीट माहीत नसावं.

अशा वेळी काय बोलायचं ते मला येत नाही. मला शिव्या येतात. आणि जावयाला शिव्या देता येत नाहीत. मी उठले. पदर कमरेला घट्ट खोचला. भिंतीला पाठ टेकली, आणि तिथून जी सुटले ती सगळ्या अंगानिशी त्या कठड्यावर जाऊन आदळले.

"आई!" जावई किंचाळला. खाली शैलाही किंचाळली.

लोखंडी दांडी माझ्या पोटात बसली. सगळ्या परांचीतून घंटेसारखा एक बारीक आवाज गेला आणि विरला. दांडी जागची हलली नाही. मी दोन्ही हातांनी ती खाली दाबली, अंगाचा सगळा भार टाकून. नाही हलली.

"तुमचे नव्वद किलो," मी म्हटलं. दम लागला होता. "दिवाळीचा फराळ धरून जरा जास्तच. झाली खात्री?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग पुढं आला, दांडी धरली आणि सवयीनं हलवायला लागला.

"हलवू नका," मी म्हटलं. "रेला."

त्यानं डोळे मिटले. आधी हात टेकले, मग छाती. हळूहळू अंगाचा भार सोडला. किती वेळ तसा होता कोण जाणे. मग डोळे उघडून खाली बघितलं आणि ओरडला, "शैला! दोर सोडतोय! डबा बांध!"

त्या दिवशी परांचीवर मी एकटीनं चहा प्यायले नाही. दोघांनी प्यायला, एकाच किटलीतला.

*

दुसऱ्या दिवशी काय झालं ते आमच्याकडं आजही लोक रंगवून सांगतात. चेअरमन चढले. त्यांच्यामागं डायरेक्टर. डायरेक्टर चढले म्हणून त्यांच्या बायका, बायका चढल्या म्हणून सोसायटीचे मेंबर, आणि सगळ्यांच्या मागं बँडवाला, तोही ढोल गळ्यात घेऊन. जावई शिडीच्या तोंडाशी उभा राहून मोजत होता. "अठ्ठावीस... एकतीस..." त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. चाळीस झाले आणि त्यानं शिडीवर हात आडवा घातला.

"ए, हात काढ!" एक फेटेवाले पुढारी गरजले. "मी कोण आहे माहीत आहे का?"

"हो," जावई म्हणाला. "एक्केचाळिसावे."

खाली जो हशा पिकला! फेटेवाले तणतणत मागं सरले.

चेअरमननी हार घातला. खालून टाळ्या, वर ढोल. आणि फोटोवाला, मेला, भिंतीच्या कडेला जाऊन ओरडला, "साहेब गणपतीपाशीच थांबा! बाकीचे सगळे जरा मागं! आणखी मागं!"

सगळेच्या सगळे एकदम मागं सरले. कठड्यावर. रेलले, जसे घरी गादीवर रेलतात तसे. कुणी खालच्या माणसांना हात हलवले, एकीनं वाकून नवऱ्याला हाक मारली. बँडवाल्यानं तर चक्क एक पाय मधल्या दांडीवर ठेवून ढोल बडवायला सुरुवात केली.

रामसूरतनं माझा हात धरला. मुकादमानं मालकिणीचा हात धरायचा नसतो. मीही सोडवून घेतला नाही. आम्ही दोघं वर बघत नव्हतो. सलीपाटांकडं बघत होतो.

सलीपाट हलले नाहीत. पाइप हलले नाहीत. कठडा हलला नाही. फोटो निघाला. चाळीस माणसं खाली आली, आणि त्यातल्या एकालाही कळलं नाही की आपण कशावर उभे होतो. चेअरमन जाता जाता म्हणाले, "अक्का, मस्त हवा लागते हो वर!" मोळी पडली, फटाके उडाले, रामसूरतच्या टोळीनं मला हारात बुडवलं. जावई कुठं दिसेना. शेवटी सापडला परांचीखाली. गुडघ्यांवर बसून सलीपाटाच्या टोकाची जमीन चाचपत होता.

दुपारी आम्ही घरी आलो. नणंद सोप्यात बसलेलीच होती. शैलानं पानं घेतली. मी यजमानांची खुर्ची पुढं ओढली. जावयाचा हात आपोआप तिच्या पाठीकडं गेला.

मी त्याचा हात बाजूला सारला. खुर्चीची पाठ मी धरली आणि गदागदा हलवली. आधी पुढं-मागं, मग डावीकडं-उजवीकडं. मग खाली वाकले. गुडघे कटकट वाजले, नणंदेचे डोळे कपाळात गेले, पण चारी पाय एकेक करून बघितले. खालची जमीनसुद्धा टाचेनं ठोकून बघितली. मग उभी राहिले आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं,

"जावई म्हणून तू मला पहिल्या दिवसापासून पटला नाहीस, निरंजन. अजूनही पटत नाहीस. धड लाजत नाहीस, माझ्या मांडवाला हात लावतोस, फराळ खाऊन माझ्याच परांचीला नावं ठेवतोस. पण परांचीवाला म्हणून तुझ्यासारखा मला दुसरा मिळायचा नाही. आणि एक ऐकून ठेव. या घरात हलवून बघायचं काम आजपासून माझं. बघितलंय मी. बस. कडेला टेकू नकोस मेल्या, रेलून बस!"